सासवण्याचं अंगण

डोलवीला शिल्पं पाहायला कुणी जात नाही. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं की आकाशात धुरांडी दिसायला लागतात, मग कन्व्हेयरचे उंच पट्टे, मग ट्रेलरची न संपणारी रांग. पेण तालुक्यातलं हे गाव आता पोलादाच्या कारखान्याच्या नावानंच ओळखलं जातं. आधी इस्पातचा असलेला हा कारखाना २०१० पासून जेएसडब्ल्यूकडे आहे. मागे अंबा नदी, पुढे धरमतरची खाडी. मोठी जहाजं लांब समुद्रात थांबतात आणि लोहखनिज, कोळसा बार्जमधून खाडीनं धक्क्यापर्यंत येतो. माझा मावसभाऊ या कारखान्यात कास्टरवर असतो. वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं, त्या जागी त्याचं उभं आयुष्य चाललंय.

बरेच दिवस तो बोलावत होता. "ताई, एकदा ये. ओतकाम म्हणजे काय ते इथं कळतं." मीही त्याला सांगितलं होतं, की येते, पण तू मला एक दिवस द्यायचास. तुझ्याच जिल्ह्यात, समुद्राकाठी, एका शिल्पकाराचं घर आहे. त्यानंही एकदा ओतकाम केलं होतं, आणि शंभर वर्षं होत आली तरी ते पुण्यात जागचं हललेलं नाही.

माघ संपत आला होता. पनवेलहून निघाले तेव्हा पेणच्या अलीकडे हमरापूरच्या फाट्याला आत वळले. या रस्त्यानं जाऊन हमरापूर-जोह्याला न थांबणं मला कधीच जमलेलं नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांमध्ये घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून घर. इथे कारखाना म्हणजे गणपतीचा. पत्र्याच्या शेडमध्ये, पडवीत, अंगणात, जिथे सपाट जागा मिळेल तिथे कच्च्या मूर्ती उभ्या. रंग नाही, डोळे नाहीत, नुसते पांढरे आकार, उन्हात वाळत ठेवलेले. भाद्रपदाला सहा महिने असतात तेव्हापासूनच, खरं तर दिवाळी सरली की लगेच, ही गावं कामाला लागतात. इथून मूर्ती महाराष्ट्रभर जातात आणि परदेशी जाणाऱ्या पहिल्या खेपा तर आंब्याच्या मोसमातच बाहेर पडतात.

एका कारखान्यात एक पोरगा रबराच्या साच्यातून हात सोडवत होता. प्लॅस्टरमध्ये काथ्या घालून भरलेला हात. साचा उलटा करून, बोटांच्या टोकांकडून सावकाश, मोजे उतरवावेत तसं तो रबर सोलत होता. शेजारी एक बाई शाडूच्या लहान मूर्तीवर ओला ब्रश फिरवून सांधे बुजवत होत्या. आतल्या बाजूला, जिथे उजेड चांगला येतो तिथे, आखणी करणारे एक वयस्क कारागीर बसले होते. आखणी म्हणजे डोळे. बाकीचं रंगकाम कुणीही शिकाऊ करतो, डोळे मात्र हात बसलेल्या माणसानंच करायचे. त्यांनी आधी वरच्या पापणीची रेघ ओढली, श्वास रोखून, एका दमात. मग खालची. मग बुबुळ. बुबुळ कुठे ठेवायचं यावर मूर्ती भक्ताकडे पाहते की भक्ताच्या डोक्यावरून पाहते ते ठरतं. त्यांनी ते किंचित खाली ठेवलं. घरात गणपती पाटावर, थोडा उंचावर बसतो आणि माणसं खाली बसून आरती करतात, हा हिशेब त्या एका ठिपक्यात होता.

मी मूर्तीच्या मागे गेले. पाठ सपाट होती, पितांबराची एक निरी आणि शेला एवढंच. "इथं काही करत नाही का काका?" ते हसले. "पाठ कोण बघतंय ताई? मखरात बसला की पाठ भिंतीला."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. दर्शन समोरूनच घ्यायचं असतं. मूर्तीच्या शास्त्राला पाठीची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जे पाहणार होते ते सगळं या एका वाक्यापासून सुरू होत होतं, हे मला तेव्हाच जाणवलं. कारण ज्या शिल्पकाराचं घर पाहायला मी निघाले होते, त्या सासवण्याच्या करमरकरांच्या घरातही गणपती करायची रीत होती. त्या घरातला हा मुलगा इथूनच, असल्याच मातीतून निघाला होता.

रात्री डोलवीत मावसभावाच्या घराच्या गच्चीवरून कारखान्याकडचं आकाश मधूनच तांबूस व्हायचं. तो सांगत होता, पोलाद ओततात तेव्हा त्याचं तापमान सोळाशे अंशांच्या आसपास असतं. लॅडल नावाच्या मोठ्या भांड्यातून टुंडिश नावाच्या पसरट कुंडीत, टुंडिशमधून साच्यात, आणि ही धार तुटता कामा नये. "धार तुटली की माल गेला. ओतकामात दोनच भीती, ताई. धार तुटायची आणि हवा अडकायची." मी म्हटलं, ब्राँझचा पुतळा ओततात तेव्हाही याच दोन भीती. ब्राँझ हजार-अकराशे अंशांवरच ओतता येतं, पण साचा सरळ नसतो. तो बोटांच्या, लगामाच्या, घोड्याच्या आयाळीच्या आकाराचा असतो. हवा कुठून निघणार हे आधी ठरवावं लागतं. त्यानं मला तिथल्या तिथे विचारलं, "किती टनाचा होता?" माणूस आपल्या कामाच्या मापानंच जग पाहतो आणि मला ते फार आवडतं.

सकाळी वडखळच्या नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलो. धरमतरचा पूल ओलांडला की अलिबाग तालुका. दोन्हीकडे खारेपाट. भात निघून गेलेली, भेगाळलेली शेतं, खारं पाणी अडवणारे बांध, मधूनमधून जिताड्याची तळी. पोयनाडच्या आसपासची ही जमीन दिसायला गरीब आहे, इतिहासानं श्रीमंत. चरीच्या शेतकऱ्यांचा संप इथलाच. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी खोतांची शेतं कसायला नकार दिला आणि १९३९ पर्यंत तो नकार मागे घेतला नाही. पिकतं आहे ते न पिकवता उपाशी राहून लढलेली ही माणसं. त्यांच्यातल्या कितीजणांचा एखादा फोटो तरी कुणी काढून ठेवला असेल? आगरी कुणबी, कोळी, गुरं राखणारी पोरं, ओझी वाहणारे हमाल: त्या काळात चेहरा जपून ठेवण्याचा मान त्यांना नव्हता. तो राजे, गव्हर्नर, पुढारी आणि देणगीदार यांना होता. हे मी एवढ्यासाठी सांगते, की सासवण्याला पोचल्यावर याच माणसांचे चेहरे आपल्याला भेटतात.

कार्लेखिंड जवळ आली तशा रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागल्या. कार्ले, खंडाळे, वाघोडे, नेहुली या गावांचा हा कांदा. पात वेणीसारखी विणून माळ करायची आणि बांबूवर टांगायची. आम्ही दोन माळा घेतल्या. पुढे चोंढीवरून किहीमचा रस्ता. सलीम अलींनी १९३० साली किहीमला राहून सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. नर घरटं विणतो, मादी तपासून पसंत करते, हे त्यांनी इथल्या झाडांवर पाहून लिहिलं. घडवणाऱ्याकडे नीट पाहायची या किनाऱ्याला सवयच असावी.

आता मात्र या किनाऱ्यावर पाहण्यासारखं कमी आणि झाकलेलं जास्त. मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबई तासाभरावर आली, आणि वाड्या प्लॉट झाल्या. नारळ-पोफळीच्या जागी दहा फुटी भिंती, वर कॅमेरे, फाटकावर पहारेकरी. आत सुंदर घरं असतील, कुठे कुठे मोठमोठ्या चित्रकारांच्या कलाकृतीही असतील. रस्त्यानं जाणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. याच रस्त्यावर सासवणे गावात एक फाटक उघडं असतं. विनायक पांडुरंग करमरकर, अर्थात नानासाहेब करमरकर यांचं घर. लोक त्याला करमरकर शिल्पालय म्हणतात.

नानासाहेबांचा जन्म १८९१ चा, याच गावातला. त्यांची गोष्ट सुरू होते ती एका भिंतीवर. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलानं घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड दौऱ्यावर आले असताना त्यांनी ते पाहिलं. रॉथफील्ड चित्रांचा दर्दी माणूस. पुढे त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर जे पुस्तक लिहिलं त्याची चित्रं चित्रकार धुरंधरांनी काढली होती. त्यांनी मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. तिथे मेयो पदक मिळालं. मग सुरेंद्रनाथ टागोरांच्या आग्रहानं १९१६ च्या सुमारास कलकत्ता, तिथे स्वतःचा स्टुडिओ. १९२० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण. पुढे मुंबई. आणि या सगळ्या फिरण्यात गाव सुटलेलं नाही. मोठी कामं शहरांनी मागितली ती शहरांना दिली. स्वतःसाठी केलेलं पुष्कळसं सासवण्याला आणून ठेवलं.

अंगणात शिरल्यावर मावसभाऊ थबकला. झाडाखाली म्हैस होती. सिमेंटची. हिला पाहून फसलेल्या माणसांच्या कितीतरी गोष्टी आजूबाजूला सांगतात, त्यामुळे मी तयार होते. तरी पहिल्या क्षणी नजर तिच्या कानाकडे गेली, आता हलेल म्हणून. फसवणं हा मात्र तिचा मोठेपणा मला वाटत नाही. हुबेहूब तर मेणाचे पुतळेही असतात. मी तिच्याभोवती फिरले. एक फेरी, मग उलटी फेरी. पुठ्ठ्याचं हाड कातडीखालून जिथे वर येतं तिथे ऊन थांबतं आणि बरगड्यांवरून खाली उतरताना पुन्हा मंद होतं. मानेखालची सैल कातडी, पोटाचा भार, शेपटीच्या बुडाशी आलेला खळगा. कातडीचा सैलपणा आणि हाडाचा कठीणपणा, दोन्ही एकाच सिमेंटमध्ये. म्हशीचं सौंदर्य तिच्या वजनात असतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळावं. जनावराच्या बाजारात जाणकार माणूस आधी म्हशीच्या मागे जाऊन उभा राहतो. नानासाहेबांनी तिला तशीच घडवली आहे, कुठूनही पाहिली तरी पुरी.

काल हमरापूरला ऐकलेलं वाक्य इथे उलटं झालं होतं. मखरातल्या मूर्तीला समोरची बाजू असते. अंगणातल्या शिल्पाला समोरची बाजूच नसते. ऊन सगळीकडून येतं, पाऊस सगळीकडून येतो, पोरं कुठूनही धावत येतात. पाठ भिंतीला टेकवायची सोय नाही. गणपती करणाऱ्या घरातला मुलगा मखराबाहेर पडला आणि मागची बाजू घडवायला शिकला. त्याच्या सगळ्या प्रवासाचं सार मला यात दिसतं.

घराच्या ओसरीवर आणि आतल्या दालनांत मिळून दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत. नुसत्या संख्येनं माणूस दमून जाईल. पहिल्यांदा येणाऱ्यानं सगळं पाहण्याच्या भरीस पडू नये. आत थोर माणसांचे अर्धपुतळे आहेत, आणि ते उत्तमच आहेत. त्या काळी शिल्पकाराचं घर त्याच कामावर चालायचं. 'शंखध्वनी' आहे, शंख फुंकणारी स्त्री, बंगालमधल्या वर्षांची आठवण सांगणारी. पण मी तासभर घालवला तो गावच्या माणसांपुढे. रापलेले चेहरे, बसलेले गाल, गळ्याच्या शिरा. यांतला एकही चेहरा दीन नाही. गरिबाचं शिल्प करताना त्याची कीव करण्याचा मोह फार असतो. कलेत तो सर्रास दिसतो. नानासाहेबांनी राव आणि हमाल यांच्या चेहऱ्याला मातीचं तेच माप लावलं. कपाळाचं हाड, भुवईची कड, ओठांचा मिटलेपणा, सगळीकडे तीच सावध बोटं. ज्या सालांत चरीची कुळं शेतं ओसाड टाकून बसली होती, त्याच मुलखातल्या माणसांना हा माणूस पुतळ्याचा मान देत होता. त्यानं भाषण केलं असेल-नसेल, पण ही निवड मला फार मोठी वाटते.

आणि कोळ्याची पोर. इंग्रजीत या शिल्पाचा फिशर गर्ल म्हणून लौकिक आहे. मुंबईच्या त्या काळच्या प्रदर्शनांत कोळीण हा चित्रकारांचा आवडता विषय होता. चोपून नेसलेलं लुगडं, डोक्यावर पाटी, डौल. या मुलीत तो ठराविक डौल नाही. ती कुणाला दाखवण्यासाठी तिथे नाही. मी मागे गेले. पाठीचा कणा, मानेवरचा अंबाडा, खांद्यांचं हलकंसं पुढे येणं. वय नुकतंच बदलत असलेल्या मुलीची पाठ आहे ती, काम करून कणखर झालेली आणि अजून पोरसवदा. समोरून चेहरा जे सांगतो त्यापेक्षा जास्त ही पाठ सांगते. मला विचाराल तर नानासाहेबांचं सगळ्यात श्रेष्ठ काम हे. पुण्याच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे हात जोडूनच मी हे म्हणते.

त्या पुतळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मावसभाऊ सकाळपासून त्याचीच वाट पाहत होता. पुण्यात शिवछत्रपतींचं स्मारक व्हावं हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा ध्यास. १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी काम पुढे नेलं. पुतळा करायला मिळाला तो देवळाच्या भिंतीवर तोच घोडेस्वार काढणाऱ्या सासवण्याच्या मुलाला. मातीचा, मग प्लॅस्टरचा पुतळा झाला, पण एवढा घोडेस्वार ब्राँझमध्ये ओतायचा कुठे? एरवी असली कामं इंग्लंडला जायची. हे काम मुंबईतच झालं, माझगाव गोदीत, जिथे जहाजं बांधायची-दुरुस्त करायची, आणि तुकडे करून जोडण्याऐवजी ते अखंड ओतलं गेलं. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात अनावरण झालं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आज उभा आहे.

अखंड ओतला म्हटल्यावर मावसभाऊ ओसरीच्या पायरीवर बसला. मग तो बोलत राहिला. घोड्याच्या पोटाखाली धातू आधी भरणार, की पायांतून वर चढणार? महाराज घोड्यावर, सगळ्यात वर, म्हणजे तिथे धातू सगळ्यात शेवटी पोचणार, तोवर तो निवायला लागलेला असणार. मेण वितळून गेलेल्या पोकळीत ओलावा जरा जरी राहिला असता तर वाफेनं साचा फुटला असता. हवेसाठी वाटा ठेवल्या असतील, त्या नंतर कापून, घासून बुजवल्या असतील. "आमच्याकडे धार तुटली तर लाइन पुन्हा सुरू करतात. यांना दुसरी धारच नव्हती." गोदीतले ओतारी कोण होते, त्यांची नावं काय, हे त्यानं मला विचारलं. शिल्पकाराचं नाव पुतळ्याबरोबर राहतं. भट्टीपाशी उभे असलेल्यांची आठवण काढायला असा एखादा कास्टरवरचा माणूस लागतो.

मालवणची आठवण आम्हा दोघांनाही एकदमच झाली. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पस्तीस फुटांचा पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. त्या दिवशी कोकणातल्या घराघरांत माणसं हळहळली होती. माझी आई देवापुढे बसून रडली होती. समुद्राचा वारा, मीठ, गंज यांची नावं तेव्हा खूप घेतली गेली. समुद्र मात्र तिथे शिवकालापासून आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्यातच उभा आहे. पुण्यातल्या पुतळ्याला पायाभरणीपासून अनावरणापर्यंत जवळजवळ सात वर्षं लागली. शिल्पकाराला वेळ देणं हा पुतळ्याच्या मजबुतीचाच भाग आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. आज पुतळ्याची पहिली बातमी असते ती उंचीची. किती फूट, कुणापेक्षा किती जास्त. चेहरा घडवायला किती महिने मिळाले, हे कुणी विचारत नाही. शंभर फुटांवरच्या चेहऱ्याची पाठ तर सोडाच, गालही कुणाला दिसणार नाही.

सिमेंटकडे वळते. ब्राँझ महाग, संगमरवर महाग. सिमेंट हे विसाव्या शतकातलं गरिबाघरचं द्रव्य. मातीत घडवायचं, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, आत सळ्या-तारा ठेवून सिमेंट भरायचं. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये 'संथाळ कुटुंब' उघड्यावर उभं केलं ते सिमेंट आणि लाल मुरमाच्या खड्यांतून. कावड खांद्यावर, पोर टोपल्यात, कुत्रा पायाशी, कामाच्या शोधात निघालेलं कुटुंब. रामकिंकरांनी खड्यांचा खडबडीतपणा तसाच ठेवला, नानासाहेबांनी सिमेंट कातडीइतकं मऊ केलं. हात वेगळे, घडण वेगळी. तरी दोघांनी एकाच देशात, थोड्याफार अंतरानं, राबणाऱ्या माणसाला आणि जनावराला झाडाखाली, उघड्या आभाळात आणून उभं केलं. आपल्या आधुनिक शिल्पकलेचा इतिहास सांगताना शांतिनिकेतनचं नाव पहिलं येतं, आणि ते यावंच. सासवण्याचं मात्र बहुतेक ठिकाणी येतच नाही, याचा मला राग आहे. वास्तवदर्शी काम जुनाट ठरवून बाजूला सारण्याची जी हवा मधल्या काळात आली, तिनं करमरकरांवर अन्याय केला. सरकारनं पद्मश्री दिली. कलेच्या वर्गात मात्र त्यांची ही अंगणातली शिल्पं कितीशी दाखवली जातात?

अन्याय करणारी दुसरी गोष्ट हवा हीच, खरी, खारी हवा. सिमेंट दिसायला दगडासारखं असलं तरी दगडासारखं टिकत नाही. चार महिन्यांचा पाऊस त्यात मुरतो, शेवाळ चढतं, उन्हाळ्यात ते काळं पडून चिकटतं. केसाइतक्या भेगेतून खारट ओल आतल्या सळीपर्यंत गेली की सळी गंजते, गंज फुगतो आणि वरचं सिमेंट आतून ढकलून उडवतो. मावसभावानं बाहेरच्या एका शिल्पाच्या बुडाशी वाकून बोट फिरवून पाहिलं. "हे रंग मारून थांबणार नाही, ताई. सळी कुठवर गंजली ते आधी तपासायला हवं. क्ष-किरण काढून कळतं, आमच्याकडे वेल्डिंगचे जोड तपासतात तसं." त्याच्या डोलवीत रोज पोलादाचे जोड तपासले जातात. तिथून सासवणे दोन तासांच्या आत आहे.

नानासाहेब १९६७ मध्ये गेले. तेव्हापासून हे सगळं घरच्यांनी जपलं, ही साधी गोष्ट नाही. ज्या पट्ट्यात गुंठ्याला येणारा भाव ऐकून डोकं गरगरतं, तिथे एका कुटुंबानं वाडी न विकता, कुंपण न वाढवता, शिल्पं पुसत, दारात आलेल्याला आत बोलावत पिढ्या काढल्या. आम्ही गेलो तेव्हाही घरातल्या बाईंनी हातातलं काम ठेवून दालनाच्या खिडक्या उघडल्या, कारण बाजूच्या उजेडाशिवाय चेहऱ्यांचा उठाव दिसत नाही म्हणाल्या. असं जपणं एका घरानं किती काळ करत राहायचं? जे. जे.मध्ये शिल्पकलेचा विभाग आहे, राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालयांचं खातं आहे, जिल्ह्यात पोलादापासून खतापर्यंतचे मोठे कारखाने आहेत. प्रत्येक शिल्पाची नोंद, चारी बाजूंनी छायाचित्रं, आतल्या सळ्यांची तपासणी आणि जाणत्या माणसाकडून डागडुजी, एवढं करायला फार मोठा निधी लागत नाही. आणि मूळ शिल्पावर ऑइलपेंटचा हात मारण्याची हौस कुणालाही होता कामा नये. तो रंग सिमेंटचा श्वास कोंडतो आणि बोटांचे ठसेही बुजवतो.

जायचं असेल तर मुंबईहून गेटवेची लाँच किंवा भाऊच्या धक्क्याची रो-रो घेऊन मांडव्याला उतरावं. तिथून सासवणे रिक्षेनं फार लांब नाही, करमरकरांचं घर कुणीही दाखवतं. पेण-वडखळकडून येणाऱ्यांनी कार्लेखिंडीतून चोंढीवरून यावं. जमलं तर सकाळी जावं, तेव्हा अंगणात तिरपं ऊन असतं. मुलांना नक्की न्यावं. त्यांना हाताला धरून नावं वाचून दाखवू नयेत, मोकळं सोडावं. मोठ्यांनी म्हशीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक शिल्पाच्या मागे जाऊन यावं. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या शिकाऊ पोरांना हंगाम सुरू व्हायच्या आधी कुणी एक बस करून इथे आणलं, तर त्या बसच्या भाड्यातला वाटा उचलायला मी आणि माझा मावसभाऊ तयार आहोत.